बफे यांनी ४०० एकर शेती कशी घेतली? मका-सोयाबीनच्या हिशोबातून शेअर बाजार समजून घेऊ

वॉरेन बफे हे नाव आता खेड्यापाड्यातल्या पोरांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरही दिसतं. चष्मा लावलेल्या म्हाताऱ्याचा फोटो आणि खाली श्रीमंत होण्याचं एखादं वाक्य. त्यातली निम्मी वाक्यं तरी या माणसाने कधी उच्चारली असतील का, अशी शंका येते. पण याच माणसाने मका-सोयाबीनची ४०० एकर शेती घेतली होती आणि ती कोणत्या हिशोबाने घेतली हे स्वतः लिहून ठेवलंय, ते मात्र कुणी स्टेटसला टाकत नाही.

आपल्या मेहकर, लोणार, सिंदखेडराजा पट्ट्यात समृद्धी महामार्गाच्या मोबदल्याचा पैसा आला. कुणी दुसरीकडे जमीन घेतली, कुणी घर बांधलं, कुणाच्या दारात गाडी आली. काही पैसा पतसंस्थेत गेला आणि काही पोरांच्या हातून मोबाईलवरच्या ट्रेडिंगमध्ये. चहाच्या टपरीवर आता सोयाबीनच्या भावाबरोबर निफ्टीचीही चर्चा असते. म्हणून म्हटलं, बफे यांचं नाव घेतोच आहोत तर त्यांनी नेमकं काय केलं तेही बघू.

आधी एक गैरसमज काढून टाकू. बफे हे झोपडीतून महालात गेलेले नाहीत. जन्म ३० ऑगस्ट १९३० चा, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरातला. नेब्रास्का म्हणजे मक्याचा मुलूख. आजोबांचं किराणा दुकान. वडील शेअर दलाल, पुढे अमेरिकेच्या संसदेत खासदार झाले. म्हणजे घरात पैशाची भाषा बोलली जात होती. बफे स्वतःही हे लपवत नाहीत. आपण योग्य देशात, योग्य वेळी जन्माला आलो हे मोठं नशीब, असं ते वारंवार सांगत आले. कोरडवाहू सहा एकरांवर चार भावांचं पोट असलेल्या घरातल्या पोराने त्यांची बरोबरी करायला निघताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

पोरगं मात्र उद्योगी होतं. दारोदार च्युइंगम आणि कोका-कोलाच्या बाटल्या विकल्या, पेपर टाकले. १९४२ साली, वयाच्या ११ व्या वर्षी, सहाव्या वर्षापासून जमवलेले सगळे ११४.७५ डॉलर घालून सिटीज सर्व्हिस नावाच्या कंपनीचे तीन शेअर घेतले. ३८.२५ डॉलरला घेतलेला शेअर २७ वर आला. पुढे ४० झाला तसा घाईघाईने विकला आणि नंतर तोच २०० पर्यंत गेला. तूर विकल्यावर भाव वाढला की काय वाटतं, हे ज्याला माहीत आहे त्याला ही गोष्ट वेगळी समजवायला नको.

आणि १४ व्या वर्षी पेपर टाकून साठवलेल्या पैशातले १,२०० डॉलर देऊन त्यांनी नेब्रास्कात ४० एकर जमीन घेतली आणि दुसऱ्याला कसायला दिली. शेतीशी पहिला संबंध तो. खरा धडा मात्र ४१-४२ वर्षांनी घेतलेल्या दुसऱ्या शेतीत आहे.

बुडालेल्या बँकेची जमीन

१९७३ ते १९८१ या काळात अमेरिकेच्या मका पट्ट्यात जमिनीचे भाव भडकले. महागाई वाढतच जाणार, जमीन काही वाढत नाही, म्हणून आज घेईल तो शहाणा, असं सगळ्यांना वाटत होतं. गावोगावच्या छोट्या बँकांनी जमिनीच्या चढत्या भावावर कर्जं वाटली. शेतकऱ्यांनी एक शेत गहाण टाकून दुसरं घेतलं. पुढे व्याजदर चढले, धान्याचे भाव बसले आणि फुगा फुटला. जमिनीचे भाव निम्म्यावर, काही ठिकाणी त्याहून खाली आले. कर्ज काढून जमीन घेतलेले शेतकरी बुडाले, त्यांच्यामागे बँका बुडाल्या. आयोवा आणि नेब्रास्का या दोन राज्यांत त्या वेळी जेवढ्या बँका बुडाल्या, त्याच्या एक पंचमांशच २००८ च्या मंदीनंतर बुडाल्या, असं बफे यांनी लिहिलंय.

बुडालेल्या बँकांचा पसारा तिथल्या ठेव विमा महामंडळाकडे गेला. त्यांच्याकडून १९८६ साली बफे यांनी ओमाहाच्या उत्तरेला ५० मैलांवर ४०० एकर शेत घेतलं. किंमत २ लाख ८० हजार डॉलर, म्हणजे एकरी ७००. त्या बुडालेल्या बँकेने काही वर्षांपूर्वी या शेतावर जेवढं कर्ज दिलं होतं, त्यापेक्षा ही रक्कम बरीच कमी होती.

आता हिशोब बघा. बफे यांना शेतीतलं काही कळत नव्हतं आणि ते तसं मान्यही करतात. पण त्यांचा मुलगा हॉवर्ड शेतीवेडा. त्याला विचारलं, एकरी मका किती बुशेल होईल, सोयाबीन किती, खर्च किती. त्यावरून साधारण वर्षाला गुंतवणुकीवर १० टक्के सुटतील असं निघालं. म्हणजे ४०० एकरांतून वर्षाला साधारण २८ हजार डॉलर. शिवाय उत्पादन हळूहळू वाढेल आणि पिकाचे भावही कधी ना कधी वाढतील, असा अंदाज. मध्ये एखादं वर्ष वाईट जाईल, भाव पडेल, पण विकायची घाई नाही, मग बिघडलं काय?

२८ वर्षांनी त्यांनी भागधारकांना लिहिलेल्या पत्रात सांगितलं की शेताचं उत्पन्न तिप्पट झालं आणि जमिनीची किंमत पाचपट किंवा जास्त. या सगळ्या काळात शेतावर गेले किती वेळा? दोन. आपल्या भाषेत हे उंटावरून शेळ्या हाकणं झालं. आणि खरंही आहे, नांगरलं पेरलं दुसऱ्यांनी. पण घेण्याआधी वहीत मांडलेला हिशोब पक्का होता, हे मान्य करावं लागतं.

या हिशोबात एक गोष्ट नाही, ती शोधा. पुढच्या वर्षी जमिनीला काय भाव येईल, हा प्रश्नच त्यांनी विचारलेला नाही. विचारलं ते एवढंच की जमीन पिकवून काय देईल.

आता हाच हिशोब आपल्याकडे लावून पाहू. समजा रस्त्याला लागून एकराचा भाव २० लाख सांगतात. तेच शेत ठोक्याने दिलं आणि एकरी २० हजार आले, तर २० लाखांवर वर्षाला एक टक्का झाला. बँकेत ठेवले तर याच्या कितीतरी पट मिळतात. म्हणजे २० लाख देणारा माणूस पिकासाठी देत नाही, उद्या प्लॉट पडतील, कुणीतरी ३० लाख देईल या आशेवर देतो. तसं होईलही. पण मग त्याला शेती घेतली म्हणू नये, पुढच्या गिऱ्हाईकावर पैसा लावला म्हणावं. आणि त्यासाठी कर्ज काढलं असेल तर नेब्रास्काच्या त्या शेतकऱ्यांचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

(जमीन विकू नये, बापजाद्यांची आहे, ही गोष्ट वेगळी. ती हिशोबात बसत नाही आणि बसवूही नये. मी बोलतोय ते नव्याने घेण्याबद्दल.)

बांधाला बांध असलेला वेडा शेजारी

बफे यांचे गुरू बेंजामिन ग्रॅहम. कोलंबिया विद्यापीठात शिकवायचे. त्याआधी हार्वर्डने बफे यांना प्रवेश नाकारला होता. १९४९ साली आलेलं ग्रॅहम यांचं 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर' वाचून बफे भारावले आणि थेट त्यांच्याकडे शिकायला गेले. ग्रॅहम यांची मुख्य शिकवण अशी की शेअर म्हणजे लॉटरीचं तिकीट नव्हे, एका चालत्या धंद्यातला वाटा आहे.

बफे हे शेताच्या भाषेत सांगतात. समजा तुमच्या बांधाला बांध लागून एका लहरी माणसाचं शेत आहे. तो रोज सकाळी धुऱ्यावर येऊन ओरडतो, तुझं शेत अमुक भावाने मला दे, नाहीतर माझं तमुक भावाने घे. एक दिवस खुशीत असतो, दुप्पट भाव बोलतो. दुसऱ्या दिवशी बायकोशी भांडून आलेला, तर मातीमोल. त्याच्या बोलण्याने तुमच्या शेतातली माती बदलते का? मुळीच नाही. परवडेल तेव्हा त्याच्याशी व्यवहार करा, नाहीतर त्याला ओरडू द्या, तुम्ही डवरणी करा.

शेअर बाजार म्हणजे हा शेजारी. पण गंमत अशी की शेताचा भाव कुणी दर मिनिटाला सांगत नाही म्हणून आपण शेत ५० वर्षं सांभाळतो, आणि शेअरचा भाव मोबाईलवर दर सेकंदाला हलतो म्हणून तो दुपारच्या आत विकतो.

बफे यांनी ही शिकवण लावून १९५६ मध्ये ओमाहात धंदा सुरू केला. नातेवाईक आणि मित्र मिळून सात जणांचे १ लाख ५ हजार डॉलर. पुढे नियम ठरला तो असा की वर्षाला ६ टक्क्यांपर्यंतचा नफा सगळा भागीदारांचा, त्यावर जे सुटेल त्यातला चौथा हिस्सा बफे यांचा. आपल्याकडे पैसे घेऊन जाणारे आधी स्वतःचं कमिशन कापतात, त्याच्याशी हे ताडून पाहा. १९६९ ला बाजार फार चढला, स्वस्त काही मिळेना, तर त्यांनी सरळ भागीदारी बंद करून लोकांचे पैसे परत केले.

रागाच्या भरात घेतलेली गिरणी

ज्या बर्कशायर हॅथवे कंपनीमुळे बफे ओळखले जातात ती मुळात कापड गिरणी. मॅसॅच्युसेट्स राज्यात न्यू बेडफर्डला. बफे यांनी १९६२ पासून तिचे शेअर स्वस्तात घ्यायला सुरुवात केली. १९६४ मध्ये गिरणीच्या प्रमुखाने तोंडी साडेअकरा डॉलरने शेअर परत घेतो असं ठरवलं, आणि कागद आला तो ११ पूर्णांक ३ अष्टमांशचा. म्हणजे शेअरमागे एक अष्टमांश डॉलर कमी. बफे यांचं डोकं फिरलं. विकायचं सोडून ते घेतच सुटले आणि १९६५ मध्ये गिरणी ताब्यात घेतली. जिरवायची म्हणून घेतलेली. धुऱ्याच्या वादात कोर्टात जमीन घालवणारे आपल्याकडेही आहेत, तसंच हे.

ही आपली मोठी चूक होती असं बफे सांगतात. गिरणीत पैसा ओतला, यंत्रं घेतली, पण समोरचाही तीच यंत्रं घेत होता, बाहेरून स्वस्त कापड येत होतं आणि गिऱ्हाईक फक्त भाव बघत होतं. शेवटी १९८५ मध्ये गिरणी बंद केली. मूळ साधारण १ कोटी ३० लाख डॉलरच्या यंत्रसामग्रीच्या लिलावात आले १ लाख ६३ हजार. १९८१ मध्ये ५,००० डॉलरला एक असे घेतलेले माग ५० डॉलरलाही कुणी घेईना, शेवटी २६ डॉलरला एक असे भंगारात गेले.

उलट गोष्ट सीज कँडीजची. कॅलिफोर्नियातली मिठाईची कंपनी. १९७२ मध्ये २ कोटी ५० लाख डॉलरला घेतली. बफे यांना भाव जास्त वाटत होता, त्यांचे भागीदार चार्ली मंगर यांनी समजावलं की चांगला धंदा असेल तर चार पैसे जास्त गेले तरी हरकत नाही. सीजच्या चॉकलेटचा भाव दरवर्षी थोडा वाढवला तरी गिऱ्हाईक हलत नव्हतं. २००७ पर्यंत या कंपनीने करापूर्वीचा एकूण १३५ कोटी डॉलर नफा दिला. कोका-कोलाचंही तसंच. १९९४ पर्यंत १३० कोटी डॉलर घालून शेअर घेतले. त्या वर्षी लाभांश आला ७ कोटी ५० लाख, आणि २०२२ मध्ये त्याच शेअरांवर एका वर्षाचा लाभांश ७० कोटी ४० लाख.

गिरणी आणि मिठाई यांतला फरक कोणाही शेतकऱ्याला पटकन कळतो. आपण गिरणीच्या बाजूचे. सोयाबीन माझं काय नि शेजाऱ्याचं काय, मोंढ्यात ढीग एकच आणि भाव दुसराच कुणी ठरवतो. नवीन ट्रॅक्टर घेतला, ठिबक टाकलं, सगळ्यांनीच घेतलं, फायदा खाणाऱ्याला. म्हणून बफे यांचं वाचून मला जे लागलं ते हे की कष्ट करणारा गरीब राहतो त्यात दर वेळी त्याचा दोष नसतो, तो ज्या धंद्यात आहे त्याची रचनाच तशी असते.

आणखी एक गोष्ट, जी फारसं कुणी सांगत नाही. बफे यांच्या पैशाचा मोठा झरा विम्याचा आहे. पीक विम्याच्या अनुभवाने विमा म्हटलं की आपलं तोंड कडू होतं, पण विमा कंपनीच्या बाजूने बघा. हप्ता आज येतो, भरपाई नंतर, कधी कधी फार नंतर द्यायची. मधल्या काळात तो पैसा कंपनीच्या हातात. १९६७ मध्ये ८६ लाख डॉलरला नॅशनल इंडेम्निटी ही विमा कंपनी घेतल्यापासून बफे तो पैसा गुंतवत आले. २०२४ अखेर असा दुसऱ्यांचा पैसा बर्कशायरच्या हातात होता १७,१०० कोटी डॉलर. म्हणजे ज्याच्याकडे विमा कंपनी नाही त्याने मी बफेसारखा करीन म्हणणं म्हणजे विहिरीला पाणी नसताना शेजाऱ्याचा ऊस बघून ऊस लावणं.

पण एक गोष्ट सगळ्यांना जमण्यासारखी आहे, ती म्हणजे थांबणं. १९६५ ते २०२४ या काळात बर्कशायरच्या शेअरची वाढ वर्षाला सरासरी १९.९ टक्के. अमेरिकेतल्या ५०० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाची लाभांशासह १०.४ टक्के. वर्षाचा आकडा ऐकून आपल्याकडचा महिन्याला १० टक्के सांगणारा एजंट हसेल. पण बफे यांनी हे ६० वर्षं केलं. १२ टक्के धरून हिशोब करा, १ लाखाचे १० वर्षांत ३ लाख १० हजार, २० वर्षांत साडेनऊ लाखांच्या वर, ३० वर्षांत ३० लाख, ४० वर्षांत ९३ लाख. सगळी वाढ शेवटी शेवटी दिसते. बफे यांची बहुतेक संपत्ती साठीनंतरची आहे ती त्यामुळेच.

आणि हा रस्ता सरळ नव्हता. १९७३ ते १९७५ मध्ये बर्कशायरचा शेअर ५९ टक्के पडला, १९८७ मध्ये ३७, १९९८ ते २००० मध्ये ४९, २००८-०९ मध्ये ५१. १०० चे ४१ झालेले बघून ज्याची झोप उडाली नाही तोच टिकला. ज्याने कर्ज काढून शेअर घेतले होते त्याला टिकणं शक्यच नव्हतं, कारण सावकार थांबत नाही. म्हणून उसन्या पैशावर शेअर घेऊ नयेत, हे बफे कायम सांगतात.

मोबाईलवर चालणारं फ्युचर्स-ऑप्शन्स म्हणजे याच्या नेमकं उलट. थोडे पैसे, मोठा सौदा, आणि मुदत आठवड्याची किंवा महिन्याची. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत यात उतरलेल्या १०० किरकोळ लोकांपैकी ९३ जण तोट्यात गेले. खर्च धरून माणशी सरासरी तोटा साधारण २ लाख, सगळ्यांचा मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. आपल्या तालुक्यातली पोरं त्यात आहेत. बापाला कळतं ते पीककर्ज भरायची वेळ आल्यावर.

बफे चुकतही आले. डेक्स्टर नावाची बूट कंपनी १९९३ मध्ये घेतली, पुढे तिची किंमत शून्य झाली. आपल्या पेटीएममध्ये बर्कशायरने २०१८ साली पैसे घातले आणि २०२३ मध्ये तोटा सोसून बाहेर पडली. सोन्याबद्दल त्यांचं मत असं की ते पिकत नाही, शेत पिकतं. जगातलं सगळं सोनं विकलं तर अमेरिकेतली सगळी शेतजमीन घेऊन वर कितीतरी पैसा उरेल, मग शेत घ्याल की सोन्याचा ढीग, असं त्यांनी २०११ च्या पत्रात विचारलं होतं. त्यानंतर सोनं कुठल्या कुठे गेलं, हे आपल्या घरातल्या बायकांनी बघितलंय. शिवाय अडीअडचणीला रात्री सोनं गहाण पडतं, शेअर नाही. इथे मी घरच्या बाजूने.

मंगर नोव्हेंबर २०२३ मध्ये ९९ व्या वर्षी गेले. बफे यांनी मे २०२५ मध्ये, ९४ व्या वर्षी, वर्षअखेर कारभार ग्रेग एबेल यांच्याकडे देणार असं जाहीर केलं. राहतात अजून १९५८ मध्ये ३१,५०० डॉलरला घेतलेल्या घरात. संपत्तीचा मोठा भाग दान करण्याचं २००६ पासूनच ठरवून टाकलंय.

आपल्या वाचकांपैकी ज्यांच्याकडे मोबदल्याचे पैसे पडून आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी. नेब्रास्काच्या बँका बुडाल्या तेव्हा ठेवीदारांच्या मागे विमा होता. आपल्याकडे बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, एका बँकेत माणशी ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. पाटी सारखीच चकचकीत असते, म्हणून पावती काढून नाव नीट वाचा. आणि शेअरचा सल्ला देणाऱ्याला त्याचा सेबी नोंदणी क्रमांक विचारा, तो सेबीच्या वेबसाईटवर तपासता येतो.

दुसरी गोष्ट बफे यांच्या मृत्युपत्रातली. आपल्यामागे पत्नीच्या पैशाचं काय करायचं याची सूचना त्यांनी देऊन ठेवलीय. १० टक्के सरकारी रोख्यांत आणि ९० टक्के कमी खर्चाच्या इंडेक्स फंडात. म्हणजे एखादी कंपनी निवडायची नाही, ५०० कंपन्यांचा थोडा थोडा वाटा घेऊन बसायचं. या मतावर त्यांनी २००८ ते २०१७ अशी दहा वर्षांची पैजही लावली होती. महागडे सल्लागार निवडतील ते फंड एकीकडे आणि साधा इंडेक्स फंड दुसरीकडे. इंडेक्स फंड १२५ टक्क्यांहून जास्त वाढला, समोरचे पाचही गट मागे राहिले. आपल्याकडे निफ्टीवरचे असे फंड मिळतात, महिन्याला ५०० रुपयांपासूनही घेता येतात. त्यातही बाजार पडला की पैसे खाली येतात, म्हणून पुढच्या पेरणीचे, लग्नाचे, दवाखान्याचे पैसे त्यात घालायचे नसतात. गावात येणारा एजंट हा फंड सहसा दाखवत नाही, कारण त्याला त्यात फारसं काही मिळत नाही. पुढच्या वेळी आला की विचारून बघा.